रणछोडलाल छोटालाल

रणछोडलाल छोटालाल (१८२३–१८९८) हे अहमदाबादमधील पहिल्या कापड गिरणीचे संस्थापक आणि तेथील नगरपालिकेचे पहिले भारतीय अध्यक्ष होत. त्यांचा जन्म नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. नागर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दरबारी कारभारात असत. त्याप्रमाणे रणछोडलालही प्रथम कंपनी सरकारच्या नोकरीत शिरले. पुढे लाचखोरीच्या आरोपावरून ती नोकरी गेली, आणि निष्कलंक ठरण्यासाठी त्यांनी केलेल्या खटपटीला सरकारदरबारी यश आले नाही.

गिरणी काढण्याचा विचार मात्र त्यांच्या मनात नोकरीत असल्यापासूनच होता. अहमदाबादचे शेठ सराफी आणि अफूच्या व्यापारात गुंतलेले असल्यामुळे न पाहिलेल्या यंत्रांत पैसा घालण्यास ते सहजासहजी तयार होत नसत. अखेर १८५९ मध्ये गिरणीसाठी कंपनी उभी राहिली. इंग्लंडमधून यंत्रे मागविण्याच्या कामी दादाभाई नौरोजींचे साहाय्य झाले. परंतु यंत्रांची पहिली खेप समुद्रातच नष्ट झाली. मुंबईहून येणारी रेल्वे अहमदाबादला पोहोचायला १८६४ साल उजाडले, त्यामुळे दुसऱ्या खेपेतील अवजड यंत्रे खंबायतच्या बंदरात उतरवून तेथून बैलगाड्यांवर लादून आणावी लागली. ३० मे १८६१ रोजी शाहपूर भागात २,५०० चात्यांवर (सूत पिळून गुंडाळणाऱ्या फिरत्या दांड्यांवर) सूतकताई सुरू झाली. साठ-पासष्ट कामगारांची ही गिरणी नफ्यात चालली आणि शेठ मंडळींचा संकोच हळूहळू ओसरला.

सरकारने १८८५ मध्ये त्यांची नगरपालिकेच्या अध्यक्षपदी नेमणूक केली. तटबंदीच्या आत दाटीने वसलेल्या पोळींमध्ये, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्त्यांमध्ये, त्या काळी सांडपाणी घरालगतच्या खाळकुव्यांत, म्हणजे शोषखड्ड्यांत, मुरत असे आणि पिण्याचे पाणी विहिरींतून व पावसाचे पाणी साठविलेल्या टाक्यांतून घेतले जाई. एकाच जमिनीत दोन्ही चालल्याने रोगराई हटत नव्हती. रणछोडलाल यांनी नळाचे पाणी आणि भुयारी गटारे अशी जोडयोजना मांडली, तेव्हा वाढीव कर, रस्त्यांची खोदाई आणि नळाच्या पाण्याचे सोवळे-ओवळे अशा नाना कारणांनी शहरात मोठा विरोध उसळला. हा विरोध केवळ अज्ञानाचा मानणे योग्य नव्हे, कारण खर्चाचा भार नागरिकांवर पडणार होता आणि अध्यक्ष लोकांनी निवडलेले नव्हते. तरीही त्यांनी योजना सोडली नाही. दूधेश्वर येथे साबरमतीकाठच्या विहिरींतून उपसलेले पाणी १८९१ मध्ये नळांनी शहरात आले. गटारांचे काम मात्र थोड्या भागापासून सुरू होऊन रेंगाळत पुढे सरकले आणि त्यांच्या हयातीत ते सर्व शहरभर झाले नाही.

मुंबई इलाख्याच्या विधिमंडळाचेही ते सदस्य होते. नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे अखेरपर्यंत राहिले. त्यांच्या निधनानंतर गिरण्यांचा कारभार पुत्र माधवलाल आणि नातू चिनुभाई यांच्याकडे गेला. चिनुभाईंना १९१३ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत ब्रिटिश किताब मिळाला.