दोन इंजिनं, एक लोको: जर्मनीच्या व्ही २०० ची पार्श्वभूमी

डिझेल आणि रेल्वे यांची सोयरीक जुळायला बराच काळ गेला. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत न्यायची कशी, इथेच घोडं अडलं होतं. वाफेचं इंजिन जागेवरून हलतानाच पूर्ण जोर लावतं. डिझेलला आधी फिरतं राहावं लागतं, मग ते भार उचलतं. आणि मोटारीसारखा क्लच शेकडो टनांच्या गाडीपुढे टिकत नाही. जगात बहुतेकांनी विजेचा मार्ग धरला: डिझेलवर जनरेटर फिरवायचा आणि त्या विजेवर चाकांच्या मोटरी. जर्मनांनी तेलाचा मार्ग धरला: ताकद चाकांकडे न्यायची ती तेलाच्या प्रवाहाने, म्हणजे हायड्रॉलिक पद्धतीने. व्ही २०० ही लोको (गाडी ओढणारं अख्खं वाहन) म्हणजे त्या मार्गावरचं सर्वांत देखणं यंत्र, असं मी बेधडक म्हणेन.

मूळ कल्पना जहाजांसाठीची. हेरमान फ्योटिंगर हा श्टेटिनच्या व्हल्कन गोदीतला अभियंता. टर्बाइन फार वेगाने फिरते, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा, हा त्याच्यापुढचा पेच. १९०५ मध्ये त्याने टॉर्क कन्व्हर्टरचं पेटंट घेतलं. बंद डब्यात एक चाक द्रव जोराने फेकतं, त्या माऱ्याने दुसरं चाक फिरतं आणि मधली स्थिर पाती प्रवाह वळवून जोर वाढवतात. दोन्ही चाकं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. १९३५ मध्ये १,४०० अश्वशक्तीच्या व्ही १४० या लोकोवर हे तंत्र मुख्य मार्गावर उतरलं. पुढे युद्धाने सगळंच थांबलं.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने आधी व्ही ८० ही दहा लहान लोको बनवून घेतली आणि १९५३ मध्ये म्युनिकच्या क्राउस-माफाय कारखान्यातून पहिली व्ही २०० बाहेर पडली. गर्द लाल रंग, गोलसर नाक, ताशी १४० किलोमीटर वेग. आत प्रत्येकी बारा सिलिंडरांची दोन इंजिनं. प्रत्येक इंजिन आपल्या बाजूच्या बोगीला (डबा नव्हे, खालची चाकांची चौकट) कार्डन शाफ्टने (सांधेदार फिरत्या दांड्याने) जोडलेलं. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर गाडी पुढे नेता येई. इंजिनं मायबाख, मर्सिडीज-बेन्झ किंवा एमएएनची. ती आपसांत बदलता येत. ट्रान्समिशनचे (ताकद चाकांकडे नेणाऱ्या यंत्रणेचे) दोन प्रकार होते. फॉइथ कंपनीच्या पेटीत तीन कन्व्हर्टर पाळीपाळीने तेलाने भरत आणि रिकामे होत. मायबाखच्या मेकिड्रो नावाच्या पेटीत कन्व्हर्टर एकच, त्याला जोडून चार यांत्रिक गिअर. गिअर पडताना इंजिनाचा आवाज क्षणभर खाली येऊन पुन्हा चढे.

खरी कमाई वजनातली. अवजड जनरेटर आणि मोटरी नसल्याने २,२०० अश्वशक्ती जेमतेम ८० टनांत आणि चार आसांवर बसली. ब्रिटिश रेल्वेच्या वेस्टर्न रीजन या पश्चिम विभागाला याचीच भुरळ पडली. तिथली २,००० अश्वशक्तीची डिझेल-इलेक्ट्रिक क्लास ४० सुमारे १३३ टनांची होती. १९५८ पासून स्विंडनच्या कारखान्यात व्ही २०० चा आराखडा ब्रिटिश मापात बसवून ‘वॉरशिप’ लोको तयार झाली. कॅलिफोर्नियात क्राउस-माफायची ४,००० अश्वशक्तीची मोठी भावंडं गेली, पण डोंगरातल्या चढांनी आणि बोगद्यांतल्या गरम, विरळ हवेने त्यांना दमवलं.

भारतातही हे तंत्र आलं, बहुतांशी शंटिंगच्या कामावर. काही व्ही २०० ज्यांनी बांधली त्या कीलच्या माक कंपनीचं इंजिन आणि हायड्रॉलिक ट्रान्समिशन घेऊन चित्तरंजनच्या कारखान्यात डब्ल्यूडीएस-४ ही लोको बनली.

पहिल्या मालिकेत ८६ लोको झाली. १९६२ पासून प्रत्येकी १,३५० अश्वशक्तीच्या इंजिनांची आणखी ५० आली. १९६८ मध्ये त्यांना २२० आणि २२१ हे नवे क्रमांक मिळाले, आणि त्याच सुमारास त्यांची पीछेहाट सुरू झाली. दोन इंजिनं म्हणजे देखभालही दुप्पट. २१८ या नव्या वर्गाच्या लोकोने एकाच इंजिनातून २,५०० अश्वशक्ती दिली, शिवाय डबे विजेने गरम ठेवले. व्ही २०० कडे त्यासाठी वाफेचा बॉयलरच होता. जिथे तिने नाव कमावलं, त्या मार्गांवर हळूहळू विजेच्या तारा आल्या. १९७१ च्या डीई २५०० या प्रायोगिक लोकोने तीन फेजच्या (प्रत्यावर्ती विजेच्या, हलक्या) मोटरी चालवून दाखवल्या, तेव्हा विजेच्या मार्गातला वजनाचा जुना दोषही उरला नाही.

२२० वर्ग १९८४ मध्ये निवृत्त झाला, २२१ त्यानंतर चार वर्षांनी. काही लोको स्वित्झर्लंड, इटली, अल्बानिया, सौदी अरेबियात कामाला लागली. ग्रीसला गेलेल्यांपैकी बरीच तिथे गंजत उभी होती. ती २००२ मध्ये जर्मनीत परत आणली गेली आणि त्यातली काही दुरुस्त होऊन पुन्हा मालगाड्या ओढू लागली.