हाकेला ओ: भावनिक जवळिकीचा अभ्यास कसा घडत गेला

मुलांना मिठी मारू नका, मांडीवर घेऊ नका. अगदीच राहवत नसेल तर रात्री झोपताना कपाळाचा एक पापा घ्या आणि सकाळी हस्तांदोलन करा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी 1928 साली पालकांना दिलेला हा सल्ला. लाडाने मूल परावलंबी होते आणि आईला ते चिकटते ते मुख्यतः दुधासाठी, अशी त्या काळच्या जाणकारांची धारणा होती.

दुधाचा हा हिशेब हॅरी हार्लो यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात माकडांच्या पिल्लांवर तपासला. पिंजऱ्यात दोन नकली आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची, पण दुधाची बाटली असलेली. दुसरी मऊ कापडाची, बाटलीविना. पिल्ले तारेच्या आईकडे दूध प्यायला जात आणि दिवसाचा बहुतेक वेळ कापडाला बिलगून काढत. हार्लोंनी 1958 मध्ये हे मांडले तेव्हा बराच गाजावाजा झाला. त्यामानाने पुढचा भाग कमी सांगितला जातो. कापडाच्या आईजवळ वाढलेली पिल्ले मोठेपणी कळपात मिसळू शकेनात, आणि त्यांच्यातल्या माद्यांना स्वतःची पिल्ले नीट सांभाळता येईनात. कापड ऊब देते, पण पिल्लाने हाक मारली तर ओ देत नाही. आमच्या मते या प्रयोगाचा खरा धडा इथे आहे.

ब्रिटनमध्ये जॉन बोल्बी यांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहून आईपासून तुटलेल्या मुलांचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रीकरण दाखवले. 1959 च्या सरकारी अहवालाने रुग्णालयांमधली पालकांच्या भेटीची बंधने काढायची शिफारस केली, त्यामागे या कामाचा मोठा वाटा होता.

मग मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमधल्या 26 कुटुंबांच्या घरी वर्षभर जाऊन नोंदी घेतल्या. ज्या बाळांच्या रडण्याला पहिल्या महिन्यांत लगेच प्रतिसाद मिळाला, ती वर्षअखेरीस कमी रडत होती. वॉटसनच्या सल्ल्याच्या नेमके उलट.

पण सतत, न चुकता प्रतिसाद द्यायचा म्हटला तर कोणाला जमेल? इथे एडवर्ड ट्रॉनिक यांचा 1970 च्या दशकातला प्रयोग उपयोगी पडतो. आई बाळाशी खेळत असते. मग ती चेहरा निर्विकार करते आणि दोन-तीन मिनिटे तसाच ठेवते. बाळ आधी हसून बघते, बोट दाखवते, हात पुढे करते, किंचाळते. शेवटी मान वळवते आणि अंग ढिले सोडते. आई पुन्हा बोलू लागली की बहुतेक बाळे सावरतात, थोडी रुसून का होईना. ट्रॉनिक यांचे आणखी एक निरीक्षण असे की, एरवीच्या खेळातही आई आणि बाळ यांचा सूर साधारण 30 टक्के वेळच जुळलेला असतो. बाकी वेळ चुकणे आणि पुन्हा जुळवून घेणे चालू असते. म्हणजे नाते टिकते ते या पुन्हा जुळवून घेण्यावर.

मोठ्यांच्या नात्यात हेच जॉन गॉटमन यांनी मोजले. 1990 च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी घरासारखी प्रयोगशाळा उभारली आणि 130 नवविवाहित जोडपी तिथे राहून गेली. एक जण खिडकीबाहेर बघून म्हणतो, ‘तो पक्षी बघ.’ ही हाक. दुसऱ्याने मान वर करून ‘कुठे?’ विचारले की झाली ओ. सहा वर्षांनी एकत्र असलेल्यांनी प्रयोगशाळेत 86 टक्के हाकांना ओ दिलेली आढळली. वेगळे झालेल्यांनी 33 टक्के. घटस्फोटाचे भाकीत नव्वद टक्क्यांवर अचूक करता येते, या त्यांच्या दाव्यावर मात्र रास्त टीका झाली आहे, कारण ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवले त्यांच्यावरच ते तपासले होते. त्यामुळे अशा आकड्यांपेक्षा हाक ओळखायला शिकणे जास्त कामाचे. ती बहुधा तक्रार, विनोद किंवा नुसता सुस्कारा होऊन येते. मोबाइलवरची नजर न काढता म्हटलेला ‘हं’ समोरच्याला त्या निर्विकार चेहऱ्यासारखाच लागतो. हातातले काम खरोखर सोडता येत नसेल तर ‘दहा मिनिटांनी सांग’ म्हणावे आणि दहा मिनिटांनी स्वतःहून विचारावे. हा दुसरा भाग राहून जातो, आणि पहिला फुकट जातो.

शेली गेबल यांनी 2004 मध्ये चांगल्या बातमीवरच्या प्रतिसादाचे चार प्रकार मांडले. ‘मला बढती मिळाली’ यावर ‘अरे वा! कसं कळलं, साहेब काय म्हणाले?’ असे खोदून विचारणारा प्रतिसाद नात्याला लाभतो. ‘छान’ म्हणून थांबणे, ‘आता काम वाढणार’ म्हणणे किंवा विषयच बदलणे, हे तिन्ही नात्याला मारकच ठरतात. यातले ‘छान’ सर्वांत फसवे, कारण म्हणणाऱ्याला आपण चांगले वागलो असेच वाटते.

दोन अनोळखी माणसांत जवळीक निर्माण करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ आर्थर आरॉन यांनी 1997 मध्ये मांडलेल्या 36 प्रश्नांचा तर आता खेळच झाला आहे. मूळ रचनेत 12-12 प्रश्नांचे तीन गट होते आणि प्रत्येक गटाला 15 मिनिटे. प्रश्न टप्प्याटप्प्याने खासगी होत जातात आणि दोघांनीही उत्तर द्यायचे असते. एकच जण बोलत राहिला, किंवा थेट शेवटचे प्रश्न काढले, तर त्याची उलटतपासणी होते.

भांडणात मात्र यातले काहीच चालत नाही. नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणसाला समोरच्याचे नीट ऐकूच येत नाही, असे गॉटमन यांचे म्हणणे. त्यांनी प्रयोगशाळेतले यंत्र बिघडल्याचे सांगून भांडणारी जोडपी मध्येच थांबवली आणि अर्धा तास मासिके वाचायला लावली. परतल्यावर नाडी उतरली होती आणि बोलणेही निवळले होते. घरी असा थांबा घ्यायचा तर निदान 20 मिनिटांचा हवा, त्या वेळात मनात मुद्दे घोळवू नयेत आणि उठण्यापूर्वी परतायची वेळ सांगावी. न सांगता खोलीबाहेर पडलेला माणूस मागे राहिलेल्याला शांत होताना दिसत नाही, त्याला दिसते ती फिरवलेली पाठ.