प्रकाशाचे विवर्तन व व्यतिकरण : घरगुती प्रयोग (खानदेश)

बारीक फटीतून किंवा अडथळ्याच्या कडेवरून जाताना प्रकाश सरळ वाट सोडून फाकतो, त्याला विवर्तन म्हणतात. निरनिराळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकत्र येऊन कुठे उजेड वाढवतात, तर कुठे एकमेकींना मारून काळोख करतात, ते व्यतिकरण. पाहताना दोन्ही जोडीनेच भेटतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत प्रयोगाचे बहुतेक सामान असतेच. विकत आणावी लागते ती लेझर टॉर्च.

आधी एक गैरसमज. मेअखेरीस इकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. दारे-खिडक्या लावल्या की पत्र्याला पडलेल्या खिळ्याच्या भोकांतून जमिनीवर गोल कवडसे पडतात. भोक वेडेवाकडे असले तरी कवडसा गोलच, म्हणून पुष्कळांना हे विवर्तन वाटते. तसे नाही. ती सूर्याची प्रतिमा असते. पत्रा 3 मीटर उंच असेल, तर ती सुमारे 3 सेंटीमीटर भरते. मात्र अंधाऱ्या खोलीत घेतलेल्या अशाच तिरिपेत ग्रिमाल्डी या इटालियन शास्त्रज्ञाला सावलीच्या कडेचे रंगीत पट्टे दिसले आणि विवर्तनाला नाव मिळाले. त्याचा ग्रंथ 1665 मध्ये, मृत्यूनंतर निघाला. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने पुढे तिरिपेत कागदाची अरुंद पट्टी उभी धरून व्यतिकरण दाखवले.

यंगच्या पट्टीच्या जागी डोक्याचा केस चालतो, आणि घरी करण्याजोगा सर्वांत चांगला प्रयोग हाच. लेझरच्या तोंडावर केस ताणून चिकटपट्टीने बसवावा आणि रात्री 4 मीटरवरच्या भिंतीवर प्रकाश पाडावा. मधल्या झगझगीत ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना, केसाशी काटकोनात, उजेड-अंधाराची माळ उमटते. लागोपाठच्या दोन काळ्या जागांतील अंतर मोजायचे (मधला ठिपका सोडून, तिथे ते दुप्पट असते). तरंगलांबीला (प्रकाशलहरीच्या लागोपाठच्या दोन शिखरांतील अंतर) भिंतीच्या अंतराने गुणून या अंतराने भागले की केसाची जाडी निघते. लाल लेझरची तरंगलांबी साधारण 650 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). काळ्या जागा साडेतीन सेंटीमीटरवर आल्या, तर केस सुमारे 75 मायक्रोमीटर (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाड. मोजपट्टी शाळेतलीच!

मग सरकीला चिकटलेला कापसाचा एकच तंतू ओढून घ्यावा. तो केसापेक्षा पुष्कळ बारीक, म्हणून माळ कितीतरी रुंद फाकते. अडथळा जितका अरुंद तितका पसारा मोठा. पण कापसाचा तंतू पिळदार, चपट्या फितीसारखा असल्याने ठिपके वेडेवाकडे येतात. जाडी काढायला तो निरुपयोगी. लेझर कुणाच्या डोळ्यांवर पडू देऊ नये, आरशावर तर नकोच.

लेझर नसेल तर लांबचा रस्त्यावरचा दिवा बारीक विणीच्या पदरातून पाहावा. दिव्याभोवती ठिपक्यांची फुली दिसते. कापड फिरवले की फुली फिरते, बाजूला सरकवले तर जागची हलत नाही. उन्हात डोक्याला बांधायचा जाड रुमाल मात्र यासाठी कुचकामी. रेशमी रुमालातून दिसलेल्या अशाच दृश्याची उकल करताना अमेरिकेत डेव्हिड रिटनहाउसने 1785 च्या सुमारास केसांची जाळी बनवली. प्रकाश फाकवणाऱ्या अशा विवर्तन जाळ्यांपैकी (ग्रेटिंग) ती पहिली मानतात.

शेतात पाखरे हाकायला टांगलेली सीडी ही तीच जाळी, फार दाट. तिच्यावरच्या बारीक रेषांत 1.6 मायक्रोमीटर अंतर असते, डीव्हीडीत 0.74. लाल लेझर सरळ समोरून टाकला तर सीडीवरून पहिला बाजूचा ठिपका सुमारे 24 अंशांवर, डीव्हीडीवरून 61 अंशांवर जातो.