हेग स्कूलच्या छोट्या वॉटरकलरमागची गोष्ट

वर राखाडी आभाळ, खाली ओली वाट, कळप आणि मागून पाठमोरा मेंढपाळ. असं छोटंसं डच वॉटरकलर दिसलं की ते बहुधा १८७०-८०च्या दशकातलं, हेग शहरातल्या चित्रकारांचं असतं. वाइसेनब्रुख, मारिस बंधू, मेसदाख, आंटोन माउवे ही त्यातली मंडळी. १८७५ मध्ये एका समीक्षकाने त्यांना 'हेग स्कूल' (शाळा नव्हे, एका धाटणीच्या चित्रकारांचा गट) म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

वॉटरकलर म्हणजे ऑइल पेंटिंगआधीची कच्ची तयारी असं आपण सहज धरून चालतो, पण इथे तसं नव्हतं. पुल्क्री स्टुडिओ नावाचा चित्रकारांचा क्लब १८४७ पासून होता, तिथे संध्याकाळी चित्रांचे कागद हातोहात फिरवून बघायचे. मग १८७६ मध्ये याच लोकांनी खास वॉटरकलरच्या प्रदर्शनांसाठी वेगळी संस्था काढली, कारण सरळ होतं, गिऱ्हाईक होतं. व्यापारात पैसा कमावलेल्या मध्यमवर्गाला भिंतीवर लावायला ऑइलपेक्षा स्वस्तातलं काहीतरी हवंच होतं. व्हॅन गॉगला १८८१ च्या शेवटी वॉटरकलर शिकवलं ते माउवेनेच, तो त्याच्या नात्यातलाच, आणि ही चित्रं विकली जातील अशी व्हॅन गॉगला फार आशा होती!

आता मजा बघा, चित्रात सगळं शांत, रेल्वे नाही, धूर नाही. प्रत्यक्षात हॉलंडमध्ये पहिली रेल्वे १८३९ मध्येच धावली होती, आणि हार्लेमरमेर हे अख्खं सरोवर १८४९ ते १८५२ मध्ये वाफेच्या पंपांनी उपसून शेतजमीन केलं होतं. म्हणजे पाणी उपसणारी पवनचक्की चित्रात रंगवायची ती तिचं काम वाफेकडे चाललेलं असताना. मला तरी हे निव्वळ निसर्गप्रेम वाटत नाही, शहरातल्या माणसाला हवं असलेलं गाव आहे ते.

मेंढ्यांचंही तेच. माउवे पुढे लारेन या गावी राहायला गेला, तिथल्या माळावरचे त्याचे कळप अमेरिकन लोकांना इतके आवडायचे की म्हणतात, समोरून येणाऱ्या मेंढ्यांना पाठमोऱ्या मेंढ्यांपेक्षा जास्त भाव मिळायचा. पण शेतकरी त्या मेंढ्या पाळायचा ते मुख्यतः खतासाठी. रात्री कळप गोठ्यात कोंडायचा, खाली माळावरची ढेकळं पसरलेली, त्यात लेंड्या मुरायच्या आणि ते सगळं राय (rye) या धान्याच्या रेताड शेतात जायचं. पुढे रासायनिक खत आलं, ऑस्ट्रेलियाची स्वस्त लोकर आली, आणि कळप पाळणं परवडेनासं झालं.