फ्लॉपी टाकली की रॅम वाढली?

ॲपलच्या जुन्या मॅकिन्टॉश संगणकांचा विषय निघाला की कुणीतरी सांगतंच: ‘कनेक्टिक्स कंपनीचं ‘व्हर्च्युअल’ हे सॉफ्टवेअर घातलं की कुठल्याही मॅकची मेमरी ८ एमबी व्हायची.’ कुठल्याही? नाही.

मॅक प्लस आणि एसई यांत मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर होता. हवं ते पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) मेमरीत नसेल, तर प्रोसेसरने अर्धवट आज्ञा थांबवायची, पान डिस्कवरून येऊ द्यायचं आणि काम तिथूनच पुढे न्यायचं, हा व्हर्च्युअल मेमरीचा, म्हणजे डिस्कची जागा रॅमसारखी वापरण्याचा, गाभा. ६८०००ला हे भरवशाने जमतच नसे. अडल्यावर परतण्यापुरती माहिती तो जपून ठेवत नसे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार! १९८७च्या मॅक टू मध्ये ६८०२० होता, पण मेमरीतल्या जागांचे पत्ते बदलून देणारी ६८८५१ ही चिप वेगळी विकत घेऊन बसवावी लागे. ६८०३०मध्ये ती सोय आतच आली. (जुन्या मॅकमध्ये ६८०३०चं कार्ड घातलं तर गोष्ट वेगळी, पण मग ते नुसतं सॉफ्टवेअर कुठे राहिलं?)

आणि ८चा आकडा? तो २४-बिट पत्त्यांच्या रचनेत रॅमसाठी राखलेल्या जागेचा. शिवाय डिस्क रॅमपेक्षा लाखपटीने हळू. त्यामुळे बाजूला पडलेले प्रोग्रॅम डिस्कवर खुशाल झोपत. एकाच मोठ्या चित्रावर काम सुरू केलं, की डिस्कची घरघर थांबत नसे.