डिसमाउंटेड : द फोर्थ ट्रूपर्स मूव्हिंग द लेड हॉर्सेस

अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१–१९०९) याचे १८९० मधील तैलचित्र. शीर्षकाचा अर्थ ‘पायउतार : धरलेले घोडे नेणारे चौथे स्वार’. आकार सुमारे ८६ × १२४ सेंमी. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्सटाउन येथील क्लार्क संग्रहालयात ते आहे.

चित्र घोडदळाचे असले, तरी त्यात चढाई नाही. गोऱ्या वसाहतींच्या पश्चिमेकडील सरहद्दीवर अमेरिकन घोडदळ बहुधा पायउतार होऊन लढत असे, कारण धावत्या घोड्यावरून कार्बाइनचा (आखूड बंदुकीचा) नेम धरणे कठीण. रांगेत चार-चारांचे गट पाडलेले असत. हुकूम होताच पहिले तिघे उतरून पुढे जात आणि चौथा त्यांचे घोडे घेऊन मागे आडोशाला जाई. म्हणजे गोळीबाराच्या फळीतले पाव मनुष्यबळ तिथेच कमी होई. शिवाय घोडे उधळले, की खोगिराच्या पिशव्यांतली जादा काडतुसेही त्यांच्याबरोबर जात. १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायेन या मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांनी घोडे धरणाऱ्या शिपायांनाच लक्ष्य केले होते.

रेमिंग्टनने निवडला तो हा चौथा स्वार. एका माणसाच्या भरवशावर चार घोडे! कोरड्या माळावरून ते थेट पाहणाऱ्याच्या अंगावर आल्यासारखे दिसतात: रिकामी खोगिरे, ताणलेले लगाम, उधळलेली धूळ. मराठीत बिनस्वाराच्या, हाती धरून न्यायच्या घोड्याला ‘कोतल’ म्हणतात. पण आपला कोतल मिरवणुकीत सजून चालतो, हे मात्र जिवाच्या आकांताने धावताहेत.

घोड्यांच्या पायांकडे नीट पाहावे. जुने चित्रकार भरधाव घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून काढत. एडवर्ड मायब्रिजच्या १८७८ च्या छायाचित्रांनी ही समजूत खोटी ठरवली. चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. रेमिंग्टनने हे ज्ञान उचलले. इथले खूर दुमडलेले, विस्कटलेले आहेत, म्हणूनच वेग खरा वाटतो.

त्याचे वडील यादवी युद्धात घोडदळाचे अधिकारी होते. तो स्वतः सैनिक नव्हता. १८८८ मध्ये ‘हार्पर्स वीकली’सारख्या नियतकालिकांचा चित्रकार म्हणून तो ॲरिझोनात कृष्णवर्णीय सैनिकांच्या दहाव्या घोडदळ रेजिमेंटबरोबर हिंडला. पण चित्रे पुरी होत ती न्यूयॉर्ककडच्या स्टुडिओत. त्याची सहानुभूती सैनिकांकडे होती. मूळ रहिवाशांविषयी त्याच्या लिखाणात उघड तुच्छता आढळते. योगायोग असा, की १८९० च्याच जनगणनेनंतर वसाहतींची सलग सरहद्दरेषा उरली नसल्याचे सरकारने जाहीर केले.

संग्रहालयाचा संस्थापक स्टर्लिंग क्लार्क हा सिंगर शिलाईयंत्रांच्या संपत्तीचा वारस. तो स्वतः सैन्यात होता, आणि शर्यतीचे घोडेही बाळगी. त्याच्या ‘नेव्हर से डाय’ या घोड्याने इंग्लंडमधील एप्सम डर्बी ही शर्यत १९५४ मध्ये जिंकली; संग्रहालय उघडले ते पुढच्या वर्षी.