रेकॉर्डरची बाहेरची बॅटरी : एडिसनपासून पॉवर बँकेपर्यंत

१९३३ साली जॉन लोमॅक्स अमेरिकेच्या दक्षिणेत लोकगीते ध्वनिमुद्रित करत फिरले, तेव्हा तबकडी कोरणाऱ्या यंत्रासाठी मोटारीत दोन एडिसन बॅटऱ्या होत्या, प्रत्येकी ७५ पौंडांची. त्या काळी बॅटरी बाहेरच असायची, कारण यंत्रात ती मावणेच शक्य नव्हते.

तिला आत जागा मिळवून दिली ती मुख्यतः स्वित्झर्लंडमधल्या स्तेफान कुडेल्स्की यांनी. १९५१ च्या त्यांच्या पहिल्या नाग्रात, म्हणजे हातात नेता येणाऱ्या टेप रेकॉर्डरमध्ये, मोटर चावीच्या स्प्रिंगवर फिरायची आणि सेल फक्त व्हॉल्व्हना (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांना) वीज पुरवायचे. ट्रान्झिस्टर आल्यावर १९५८ च्या नाग्रा ३ मध्ये टॉर्चचे बारा मोठे सेल बसले आणि १८ व्होल्टवर सगळे यंत्र चालू लागले.

डिजिटल रेकॉर्डरांनी बॅटरी पुन्हा बाहेर काढली. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्याच केबलमधून जाणारी वीज, लागतो. तो सेलच्या कमी व्होल्टेजवरून चढवून घ्यावा लागतो आणि त्यात वीज वाया जाते. चार माइक लावले की पेन्सिल सेल झपाट्याने उतरतात. व्यावसायिक यंत्रांनी १२ व्होल्टची वाट धरली. जोडणीचा प्लग चार पिनांचा एक्सएलआर असो वा छोटा हिरोसे, पिन १ ऋण आणि पिन ४ धन. या क्षेत्रात इतकी उपयोगी एकवाक्यता क्वचितच झाली. २०१५ च्या झूम एफ८ या रेकॉर्डरचा हिरोसे ९ ते १८ व्होल्ट घेतो, म्हणून शिशाची बॅटरी उतरत ११ व्होल्टवर आली तरी काम थांबत नाही. अशा बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा. वायर शॉर्ट झाली तर ती तापून पेटते.

लहान यंत्रांत मात्र गोंधळच. झूम एच४ चा अडॅप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण. त्यानंतरच्या एच४एनचा ५ व्होल्टचा, मधली पिन धन. जॅकमध्ये बसते म्हणून वायर खुपसू नये, आधी मीटरने तपासावी.

यूएसबीने हा घोळ बराच मिटवला, पण पॉवर बँकेच्या स्वतःच्या खोडी आहेत. ती फोनसाठी बनलेली असते. रेकॉर्डर फारच कमी करंट घेत असेल तर ‘चार्जिंग संपले’ असे समजून ती बंद पडते. कमी करंटची सोय असलेली बँक घ्यावी. आतले सर्किट सेलच्या ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना वेगाने चालू-बंद होते आणि ती किरकिर ग्राउंडमधून, म्हणजे ऋण तारेतून, आवाजात शिरू शकते. एकाच बँकेवर कॅमेरा व रेकॉर्डर लावून दोघांमध्ये ऑडिओ केबलही जोडली, तर दोन वाटांनी जोडलेल्या ग्राउंडचे वेटोळे तयार होते आणि आवाजात गडबड शिरते. दोघांना वेगळ्या बँका दिल्या की हे वेटोळे तुटते.

बँकेवरचे १०,००० एमएएच हे आतल्या सेलचे, म्हणजे ३७ वॉट-तास. चढवण्यातली घट सुमारे १५ टक्के धरली तर ३१ उरतात. अडीच वॉटचा रेकॉर्डर त्यावर साधारण बारा तास चालतो. तरी आत ताजे सेल ठेवावेत आणि कामाआधी एकदा रेकॉर्डिंग चालू असताना केबल उपटून पाहावी. काही यंत्रे गुपचूप सेलवर जातात, तर काही बंद पडतात आणि अर्धवट फाइल उघडतच नाही.